अडून राहिलेली जखम

मधुमेही माणसाच्या तळव्याला जखम झाली, की ती बरेचदा त्याच्या आधी दुसऱ्याच कुणाला तरी कळते. सुनेला फरशीवर ओलसर ठसे दिसतात, मोजे धुताना बायकोला पिवळा डाग दिसतो, जवळ येऊन बसलेल्या नातवाला वास येतो. ज्याचा पाय आहे त्याला काही दुखलेलंच नसतं. चपलेच्या तळातून खिळा आत शिरलेला असतो आणि तो माणूस दिवसभर त्यावर चाललेला असतो. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात ड्रेसिंगच्या खोलीबाहेर सकाळी जी रांग लागते, तिच्यात असे पाय पुष्कळ असतात. कुणाचं एक बोट काढलेलं असतं, कुणाचं अर्धं पाऊल. त्यांच्या घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो. शुगर आता आटोक्यात आहे, गोळ्या वेळेवर चालू आहेत, अँटिबायोटिकचा कोर्स झाला, रोज पट्टी बदलतोय, मग जखम भरत का नाही?

या प्रश्नाने गेली पन्नास वर्षं मोठमोठ्या प्रयोगशाळांना कामाला लावलं आहे. त्यातून जखम भरणाऱ्या रसायनांची जेलं आली, इंजेक्शनं आली, स्वतःच्याच रक्तातून काढलेले लेप आले. हे सगळं आज आपल्याकडेही मिळतं आणि दवाखान्यातून त्याची चिठ्ठी हातात पडते. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडून ठेवतो. त्या ट्यूबमागचं विज्ञान खरं आहे, आणि ते समजून घेण्यासारखं सुंदर आहे. पण ज्या जखमेवर माणूस रोज उभा राहतो, ती जखम कोणत्याही ट्यूबने भरत नाही. आधी पायावरचा भार उतरावा लागतो, आणि तेवढं एकच काम आपल्या दवाखान्यांत सर्रास राहून जातं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. सर्व राज्यांत गोवा वरचा, २६.४ टक्के. जगभरातल्या अभ्यासांवरून मधुमेहींपैकी १९ ते ३४ टक्क्यांना आयुष्यात कधीतरी पायाला व्रण होईल असा अंदाज आहे. भरून आलेले व्रणही निश्चिंत राहू देत नाहीत. त्यांतले सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. घोट्याच्या वरून पाय काढावा लागलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पुढच्या पाच वर्षांत जातात. अनेक कर्करोगांचे आकडे याहून बरे आहेत. तरीही कर्करोगाचं नाव निघालं की सगळं घर हादरतं, आणि तळव्याच्या जखमेला मात्र ‘सणवार होऊ दे, मग दाखवू’ असं म्हटलं जातं.

मधुमेह्याची जखम हट्टी असते हे ज्ञान आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ज्यांचे व्रण कष्टाने बरे होतात अशा रोग्यांची यादी आहे. तीत कुष्ठरोग्यांबरोबर मधुमेही आहेत. ही जोडी लक्षात ठेवावी. पुढे वेल्लूरला ती पुन्हा भेटणार आहे.

भाजी चिरताना बोट कापतं तेव्हा काय होतं ते आधी पाहू. डेंग्यूमुळे घराघरांत माहीत झालेल्या प्लेटलेट तिथे गोळा होतात आणि रक्ताची गुठळी बनवतात. पण रक्त थांबवण्याबरोबरच त्या आणखी एक काम करतात. त्यांच्या आतल्या बारीक कणिका फुटतात आणि त्यांतून प्रथिनं बाहेर पडतात. ही प्रथिनं म्हणजे आसपासच्या पेशींना दिलेले निरोप असतात. इकडे या, वाढा, दुभंगून दोनाच्या चार व्हा. यांनाच ग्रोथ फॅक्टर म्हणतात, वाढीचे घटक. निरोप मिळाला की पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेलं मांस खाऊन टाकतात. काही दिवसांनी त्यांतल्याच मॅक्रोफेज नावाच्या पेशी आपला स्वभाव बदलतात. साफसफाई थांबवून त्या बांधकामाचे निरोप देऊ लागतात. मग फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे विणतात, नव्या केशवाहिन्या फुटतात, जखमेच्या तळाशी लालसर दाणेदार मांस भरतं, आणि काठावरच्या त्वचेच्या पेशी त्या मांसावरून सरकत सरकत एकमेकींना भेटतात. खपली पडते तोवर आतलं मुख्य काम उरकलेलं असतं. प्रत्येक टप्प्याला वेगळे निरोप. टप्पे थोडे एकमेकांवर चढलेले असतात, पण मागचा ओसरल्याशिवाय पुढचा नीट पार पडत नाही.

असे निरोप असतात हे कळलं त्याची गोष्ट ट्युरिन शहरापासून सुरू होते. रीता लेवी-मोन्ताल्चिनी ही तिथली तरुण ज्यू डॉक्टर. मुसोलिनीच्या १९३८च्या वंशकायद्यांनी तिला विद्यापीठाबाहेर काढलं. तिने घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतले गर्भ घेऊन मज्जातंतू कसे वाढतात याचा अभ्यास चालू ठेवला. युद्धानंतर ती अमेरिकेत सेंट लुइसला गेली. १९५२ साली ट्यूमर वाढवलेले दोन उंदीर बरोबर घेऊन ती विमानाने रिओ दि जानेरोला पोचली, कारण पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याची सोय तिथे मैत्रीण हर्था मेयरकडे होती. ट्यूमरचा तुकडा आणि मज्जातंतूंचा पुंजका भांड्यात शेजारी शेजारी ठेवले, तर मज्जातंतूंना चहूबाजूंनी प्रभावळीसारखे धागे फुटले. ट्यूमरमधून काहीतरी पाझरत होतं आणि ते मज्जातंतूंना वाढायला सांगत होतं.

ते ‘काहीतरी’ शुद्ध स्वरूपात काढायला स्टॅन्ली कोहेन हा रसायनतज्ज्ञ तिच्या जोडीला आला. शोधता शोधता त्यांना हा पदार्थ आधी सापाच्या विषात आणि नंतर नर उंदराच्या लाळग्रंथीत भरपूर सापडला. लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचल्यावर कोहेनला एक अनपेक्षित गोष्ट दिसली. उंदराच्या पिल्लांचे डोळे उघडायला एरवी दोन आठवडे लागतात. या पिल्लांचे सातव्याच दिवशी उघडले. दातही लवकर आले. मज्जातंतूंच्या घटकाचा डोळे उघडण्याशी संबंध नव्हता, म्हणजे अर्कात दुसरा एक घटक होता आणि तो त्वचेच्या पेशींना वाढवत होता. १९६२ साली कोहेनने तो वेगळा काढला. हाच एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ. कुत्रीमांजरं जखम का चाटतात याच्या उत्तराचा एक धागा इथे सापडतो. (माणसाने मात्र जखमेला थुंकी लावू नये, तोंडातले जंतू मधुमेह्याच्या जखमेत गेले तर अनर्थ होतो.) १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं. लेवी-मोन्ताल्चिनी १०३ वर्षं जगल्या.

मधुमेही पायाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा घटक सापडला तो जखमेच्या संशोधनातून नव्हे. सिएटलमध्ये रसेल रॉस रक्तवाहिन्या आतून जाड का होतात ते पाहत होते. भांड्यातल्या पेशींना गोठलेल्या रक्तातला द्रव दिला की त्या भराभर वाढत. न गोठलेल्या रक्तातून पेशी काढून उरलेला द्रव दिला, तर त्या जवळपास जागच्या जागी राहत. दोन्हींत फरक एवढाच, की पहिल्यात प्लेटलेट फुटलेल्या होत्या. प्लेटलेटमधून निघणारं काहीतरी पेशींना वाढवतं, असं १९७४ साली त्यांनी दाखवलं. त्याचं नाव प्लेटलेट-डिराइव्ह्ड ग्रोथ फॅक्टर, पीडीजीएफ. १९८३ साली आणखी एक धक्का बसला. माकडांत कर्करोग करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाची मांडणी या पीडीजीएफशी जवळपास हुबेहूब जुळत होती. जखम भरणारा निरोप आणि गाठ वाढवणारा निरोप एकाच लिपीत लिहिलेले होते. हा धागा पुढे पंचवीस वर्षांनी गळ्याशी आला.

मधल्या काळात जनुक-तंत्रज्ञान आलं. पीडीजीएफचं मानवी जनुक यीस्टमध्ये घालून ते प्रथिन हवं तेवढं तयार करता येऊ लागलं. त्याचं जेल बनलं, नाव बेकाप्लर्मिन. डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने ते मधुमेही पायाच्या व्रणासाठी मंजूर केलं. थेट ग्रोथ फॅक्टरचंच औषध जखमेला लावायला मिळणं हे तेव्हा युगांतर वाटलं, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. शरीर ज्या भाषेत स्वतःशी बोलतं त्याच भाषेत माणसाने पहिल्यांदा जखमेशी बोलायला घेतलं होतं.

मंजुरीला आधार असलेली मुख्य चाचणी ३८२ रुग्णांवर झाली होती. २० आठवड्यांनंतर जेल लावलेल्यांपैकी ५० टक्क्यांची जखम पूर्ण भरली. औषध नसलेलं जेल लावलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. फरक खरा आहे, पण हे आकडे नीट वाचायला हवेत. शंभरातल्या ३५ जणांच्या जखमा औषधाविनाच भरल्या, कारण चाचणीतल्या प्रत्येकाला चांगली निगा मिळत होती. मेलेलं मांस काढलं जात होतं, पायावर भार येऊ नये याची तजवीज होती. आणखी १५ जणांना जेलने तारलं. उरलेल्या ५० जणांची जखम, शरीराची स्वतःची भाषा बाहेरून इतकी बोलूनही, भरलीच नाही.

का भरली नाही? याचं उत्तर जखमेतल्या पाण्यात आहे. महिनोन्महिने अडून राहिलेल्या जखमेतून जो स्राव येतो, त्यात प्रथिनं कापणारी एन्झाइम्स बेसुमार असतात. साफसफाईच्या टप्प्यावर ती हवीच असतात, पण इथे तो टप्पा संपतच नाही. मॅक्रोफेज आपला स्वभाव बदलत नाहीत, सूज उतरत नाही, आणि ही एन्झाइम्स चांगल्या मांसाबरोबर ग्रोथ फॅक्टरचेही तुकडे करतात. जर्मनीतल्या एका अभ्यासात त्यांपैकी एका एन्झाइमचं प्रमाण मधुमेही पायाच्या व्रणात निरोगी माणसाच्या जखमेपेक्षा १४ पट आढळलं. अशा जखमेत वरून महागडं प्रथिन ओतणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणं. शिवाय नुसतं ओतून भागत नाही, ते ऐकणाऱ्या पेशी लागतात. जखमेच्या काठावर जी जाड, पांढुरकी कडा चढलेली असते, तिच्यातल्या पेशी निरोप मिळूनही हलत नाहीत. रक्तातल्या वाढलेल्या साखरेने कोलॅजनच्या धाग्यांना चिकटे बसलेले असतात, फायब्रोब्लास्ट अकाली म्हातारे झालेले असतात.

साखर आणखी एका ठिकाणी घाव घालते. ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की पेशींमध्ये एचआयएफ नावाचं प्रथिन साठतं आणि ते नव्या रक्तवाहिन्या फुटवणाऱ्या घटकाला, व्हीईजीएफला, कामाला लावतं. पेशींना ऑक्सिजनची चाहूल कशी लागते, या शोधाला २०१९चं नोबेल मिळालं. मधुमेहात साखर जास्त असेल तर हे एचआयएफ टिकतच नाही. ऑक्सिजन कमी असूनही जखमेला त्याची खबर लागत नाही आणि नव्या वाहिन्या फुटत नाहीत.

आता डोळ्याकडे पाहा. त्याच माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर व्हीईजीएफ अतोनात वाढलेलं असतं. त्याने नको तिथे नाजूक वाहिन्या फुटतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, नजर जाते. म्हणून डोळ्यात व्हीईजीएफ मारणारं इंजेक्शन देतात. एकाच शरीरात, एकाच रोगाने, एकच रसायन डोळ्यात नको इतकं आणि पायात हवं त्याहून कमी. मधुमेहाबद्दल मी जे काही वाचलं आहे त्यात यापेक्षा अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी नाही. ‘ग्रोथ फॅक्टर कमी आहे, तो द्या’ इतकं हे प्रकरण सरळ नाही, हे या एका उदाहरणावरून पटावं.

बेकाप्लर्मिनवर २००८ साली संकट आलं. ज्यांनी तीन किंवा अधिक ट्यूब वापरल्या त्यांच्यात कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त दिसले, म्हणून वेष्टनावर काळ्या चौकटीतला इशारा छापावा लागला. विषाणूच्या जनुकाशी असलेलं ते जुनं साम्य सर्वांना आठवलं. पुढच्या अभ्यासांत हा धोका दुजोरा मिळण्याइतका दिसला नाही आणि २०१८ साली इशारा काढण्यात आला. युरोपच्या बाजारातून मात्र तोवर हे औषध गेलेलं होतं.

क्युबाने वेगळी वाट धरली. अमेरिकेच्या निर्बंधांखाली असलेल्या या देशाने हवानामध्ये १९८६ साली जनुक-अभियांत्रिकीचं केंद्र उभारलं. तिथल्या होर्हे बेर्लांगा आणि सहकाऱ्यांनी असा विचार केला, की वरून लावलेलं ईजीएफ एन्झाइम्स खाऊन टाकत असतील तर ते थेट जखमेच्या तळात आणि काठांत टोचावं. आठवड्यातून तीनदा, सुईने. २००६ साली ‘हेबरप्रॉट-पी’ या नावाने त्याची क्युबात नोंदणी झाली. १४९ रुग्णांच्या चाचणीत दोन आठवड्यांत जखमेच्या निम्म्याहून अधिक भागात नवं मांस धरलेले रुग्ण जास्त मात्रेच्या गटात ८३ टक्के होते, औषध न दिलेल्यांत सुमारे ४० टक्के. साधनांची चणचण असलेल्या देशाने केलेलं हे काम आदराने पाहावं असं आहे.

आपल्याकडेही ही औषधं नवी नाहीत. पुढे कोव्हॅक्सिनमुळे घराघरांत पोचलेल्या हैदराबादच्या भारत बायोटेकचं ‘रीजेन-डी’ हे ईजीएफचं जेल आहे. पीडीजीएफचं जेलही मिळतं. शहरांतल्या बऱ्याच रुग्णालयांत रुग्णाचंच थोडं रक्त काढून, यंत्रात घुसळून, प्लेटलेटचा थर वेगळा करून जखमेवर लावतात. तो पीआरपी. त्याचाच सुधारलेला प्रकार, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटची चकती, ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये हट्टी जखमांवर तपासला गेला. २० आठवड्यांत ३४ टक्के जखमा भरल्या, नुसत्या चांगल्या निगेने २२ टक्के.

एवढ्या सगळ्याचा हिशेब तज्ज्ञांनी मांडला तेव्हा निकाल सावध निघाला. २०१५ साली कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेत ग्रोथ फॅक्टरच्या २८ चाचण्या आणि २,३६५ रुग्ण एकत्र तपासले गेले. जखम पूर्ण भरण्याची शक्यता वाढते असं दिसलं, पण बहुतेक चाचण्या कच्च्या होत्या, आणि पाय कापण्याचं प्रमाण घटतं का, हे ठरवता आलं नाही. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२३च्या मार्गदर्शिकेत नेहमीच्या निगेला जोड म्हणून ग्रोथ फॅक्टर वापरू नयेत असंच सुचवलं. रुग्णाच्याच रक्ताच्या चकतीला मात्र त्यांनी अटींसह जागा ठेवली.

बेकाप्लर्मिनच्या चाचण्यांतून निघालेली एक माहिती मला त्या जेलपेक्षाही मोलाची वाटते. १९९६ साली डेव्हिड स्टीड आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या केंद्रांचे निकाल शेजारी ठेवून पाहिले. ज्या केंद्रांत दर भेटीला जखमेचं मेलेलं मांस आणि जाड कडा कात्रीने, ब्लेडने साफ केली जात होती, तिथे जखमा जास्त भरल्या. जेल लावलेल्याही आणि न लावलेल्याही. जिथे ही सफाई क्वचित व्हायची तिथे जेलचाही जोर चालला नाही. काठावरच्या न ऐकणाऱ्या पेशी कापून काढल्या की त्यांच्या मागच्या, अजून ऐकू शकणाऱ्या पेशी पुढे येतात. शिवाय ताज्या कापातून रक्त येतं, त्याबरोबर प्लेटलेट येतात आणि शरीर आपले ग्रोथ फॅक्टर आपणच पाठवतं. डॉक्टरने दर आठवड्याला जखम खरवडली की घरचे कळवळतात, ‘भरत आलेली जखम पुन्हा उघडली’ म्हणतात. ती खरवडणं हाच उपचार असतो.

सफाईइतकंच, किंबहुना तिच्याहून मोठं काम भार उतरवण्याचं. ते जगाला शिकवलं तमिळनाडूतल्या कुष्ठरोग्यांनी.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली कोल्ली डोंगरातला, आईवडील मिशनरी. सर्जन होऊन ते १९४६ साली वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं झडतात, पायाला न भरणारी छिद्रं पडतात, कारण त्यांचं मांसच नासकं असतं, असा तेव्हा डॉक्टरांचाही समज होता. ब्रँड यांनी बारकाईने पाहिलं तेव्हा मांसात खोट नव्हती. शस्त्रक्रियेच्या जखमा या रोग्यांच्याही चारचौघांसारख्याच भरत. हरवली होती ती वेदना. विस्तवात पडलेली वस्तू हाताने उचलणारा, रात्री उंदीर बोट कुरतडत असताना शांत झोपलेला माणूस त्यांनी पाहिला. उंदरांपासून राखण म्हणून रोग्यांना घरी नेण्यासाठी मांजरं देण्यात आली. आपल्या टाचेला काटा लागला तर आपण नकळत लंगडतो. ते लंगडणंच त्या जागेला विश्रांती देतं. ज्याला दुखत नाही तो लंगडत नाही. जखमेवर तेवढ्याच जोराने, तेवढ्याच हजारो पावलांनी चालत राहतो. ब्रँड यांनी जखमी पाऊल पायाला घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टरमध्ये ठेवलं. महिनोन्महिने अडलेल्या जखमा काही आठवड्यांत भरू लागल्या. वर कोणतंही खास औषध नव्हतं. चालण्यासाठी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला तयार झाल्या. आपल्या कुष्ठरोग वसाहतींत एमसीआर चप्पल म्हणून ओळखतात, ती हीच.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथून हे ज्ञान मधुमेहाच्या डॉक्टरांपर्यंत पोचलं. मधुमेहातही पायाच्या नसा मरतात, वेदना हरवते, तळव्यावर तशीच छिद्रं पडतात. सुश्रुतांनी शेजारी बसवलेले दोन रोगी इथे एकाच प्लॅस्टरमध्ये भेटले. २००१ साली डेव्हिड आर्मस्ट्राँग यांनी तीन गटांची तुलना केली. काढता न येणाऱ्या प्लॅस्टरमध्ये १२ आठवड्यांत जवळपास ९० टक्के जखमा भरल्या, काढता येणाऱ्या खास बुटात ६५ टक्के, अर्ध्या तळाच्या बुटात ५८ टक्के. रुग्ण निवडीत आणि जखमांच्या खोलीत फरक असतो हे मान्य करूनही, जेलच्या चाचणीतले २० आठवड्यांतले ते ५० टक्के आणि प्लॅस्टरचे १२ आठवड्यांतले हे ९० टक्के शेजारी ठेवून पाहावेत. काढता येणारा बूट मागे का पडतो, याचंही उत्तर त्यांनीच दोन वर्षांनी दिलं. बुटावर आणि अंगावर पावलं मोजण्याची यंत्रं लावली, तर रुग्णांनी दिवसभराच्या चालण्यापैकी फक्त २८ टक्के वेळा बूट घातलेला निघाला. घरात, बाथरूमला जाताना, देवापुढे, रात्री पाणी प्यायला उठताना तो कोपऱ्यातच राही. आपल्या घरांत पायताण उंबऱ्याबाहेर काढायची रीत आहे, तिथे हे प्रमाण काय असेल ते सांगायला यंत्र नको.

प्लॅस्टरला मर्यादा आहेत. पायाला रक्त नीट पोचत नसेल, किंवा आत पू आणि संसर्ग असेल तर ते घालत नाहीत. घालणारे हात शिकलेले लागतात. चुकीचं प्लॅस्टर नवी जखम करतं. रक्तवाहिनी तुंबलेली असेल तर आधी ती मोकळी करावी लागते, आणि बिडी, तंबाखू, मशेरी सुटल्याशिवाय ती मोकळी राहत नाही. पण प्लॅस्टर नाही म्हणून भार उतरवणं सोडून द्यायचं कारण नाही. फेल्टचा जाड तुकडा जखमेच्या भोवती चिकटवून मधली जागा मोकळी ठेवली, वर योग्य चप्पल घातली, तरी काही प्रमाणात काम होतं, आणि त्याला फार खर्च येत नाही.

हे काम गावोगाव पोचवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न नागपुरातून झाला आहे. तिथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे, टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास आणि नेदरलँड्सचे डॉ. कारेल बाकर यांनी मिळून या शतकाच्या सुरुवातीला ‘स्टेप बाय स्टेप’ हा प्रकल्प भारतात आणि टांझानियात चालवला. डॉक्टर आणि त्याच्याबरोबर काम करणारी परिचारिका किंवा सहायक अशी जोडी शिकवायची, हाती साधनं द्यायची, आणि त्यांनी आपल्या भागात मधुमेही पायाचा दवाखाना उभा करायचा, अशी त्याची रचना. साधनं साधीच होती: दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा, ट्यूनिंग फोर्क, घट्टे छिलण्याची पाती. धागा तळव्याला टेकवला आणि रुग्णाला कळलं नाही, तर तो पाय धोक्यात. मिनिटभराची ही तपासणी आजही आपल्या बहुसंख्य मधुमेहींची कधीच होत नाही. डॉक्टर रिपोर्ट पाहतात, गोळी बदलतात, आणि मोजे पायातच राहतात.

म्हणून ड्रेसिंगच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्यांना, आणि त्यांच्याबरोबर आलेल्यांना, सांगायचं आहे ते असं. ग्रोथ फॅक्टरच्या जेलची चिठ्ठी मिळाली तर ती फाडू नका, पण पैसे मोजण्याआधी विचारा, की पायाची नाडी तपासली का, रक्तप्रवाह पाहणारी डॉपलर तपासणी केली का, जखमेवरचा भार कसा उतरवणार, दर आठवड्याला सफाई कोण करणार. यांची उत्तरं मिळत नसतील तर ट्यूबचे पैसे आधी चांगल्या पादत्राणावर आणि जाणकार सर्जनच्या फीवर घाला. दर आठवड्याला जखमेचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्याने घटलं नाही, तर चालू उपचार पुरे पडत नाहीत हे पक्कं समजा. २००३च्या एका अभ्यासात चार आठवड्यांत निम्म्याहून जास्त आकसलेल्या जखमांपैकी ५८ टक्के १२ आठवड्यांत भरल्या. न आकसलेल्यांपैकी फक्त ९ टक्के. महिनाभर थांबून न भरलेल्या जखमेसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जायला संकोच करू नका. कुरूप ब्लेडने घरी कापू नका, औषधाच्या दुकानातली कॉर्न कॅप लावू नका. तिच्यातलं आम्ल चांगली त्वचाही जाळतं. घट्ट झालेली जोडवी काढून ठेवा. चुना, राख, तंबाखू जखमेत भरू नका.

आणि हा अंक हातात असताना घरात दिवाळी असेल, तर अभ्यंगस्नानाला आईवडिलांच्या पायाला तेल लावताना तळवे उलटे करून उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. पाणी त्यांच्या पायावर ओतण्याआधी आपल्या कोपराने तपासा. अंगणात विझलेल्या फुलबाज्यांच्या गरम तारा पडलेल्या असतात. त्यांना अनवाणी फिरू देऊ नका. कुठे लाल डाग, फोड, भेग किंवा काळा ठिपका दिसला, तर दिवाळी संपायची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.